वर्गणी कोणी कापायची? सोलापूरला जाऊन आल्यावर

(खुटकटाई संपल्यावर चार गावांच्या तेंदूपत्ता मजुरांची बैठक झाली. त्या बैठकीत आपल्या एका कार्यकर्तीनं केलेलं हे भाषण. ज्या गावांना येता आलं नाही त्यांच्यासाठी बोललं तसंच उतरवून छापत आहोत.)



मला वही बघून बोलू द्या, नाहीतर अर्धं राहून जातं. विषय एकच आहे. मागच्या बैठकीत ठेकेदाराचा माणूस आला होता, तुम्ही सगळ्यांनी त्याचं ऐकलं. तो म्हणाला, तुमच्या संघटनेची वर्गणी तुम्ही टोल्याटोल्यानं फिरून गोळा करता. कोणी देतो, कोणी उद्या ये म्हणतो, कोणी घरातच नसतो. कशाला एवढा त्रास? या हंगामात आम्हीच फडावर शंभर पुड्यांमागं दहा पैसे कापून ठेवतो आणि हंगाम संपला की सगळी रक्कम एकदम तुमच्या हातात देतो. आमचा मुन्शी हिशेब लिहीलच.

आपल्यातल्या पुष्कळांना हे पटलं. खरं सांगायचं तर मलाही पटलं होतं. वर्गणी गोळा करायचं काम माझ्याकडं आहे. उन्हात चार-चार कोस फिरून सात रुपये आणायचे आणि वर ऐकायचं की ही पोरगी पैशासाठीच येते. कोणीतरी एकरकमी देतो म्हटल्यावर मला तर सुटल्यासारखं झालं. पण तेव्हा आपण ठरवलं की घाईनं होकार द्यायचा नाही, आधी दुसरीकडं मजूर काय करतात ते बघून यायचं. म्हणून मला आणि खालच्या टोल्यावरच्या दादाला सोलापूरला पाठवलं. जाण्यायेण्याचा खर्च वर्गणीतूनच झाला, तो हिशेब दादा नंतर वाचून दाखवतील.

सोलापूरच का, असं काही जणांनी विचारलं. कारण सोलापूर हे विड्यांचं गाव आहे. आपण पान तोडतो, सत्तर पानांचा पुडा बांधतो, संध्याकाळी फडावर नेतो, मुन्शी मोजतो, तिथं आपला संबंध संपतो. पोत्यात भरून ट्रकमध्ये गेलेलं पान पुढं कुठं जातं, ते आपल्याला दिसत नाही. सोलापूरच्या पूर्व भागात मी ते पहिल्यांदा पाहिलं. गल्लीच्या गल्ली बायका ओट्यावर बसलेल्या, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेलं पान. पत्र्याच्या मापानं पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. बोटं इतकी भरभर चालतात की बघूनच आपल्याला दम लागतो. बहुतेक बायका तेलुगू बोलणाऱ्या, आजे-पणजे तेलंगणातून विणकामाला आलेले. आम्हाला त्यांनी चहा दिला, एक पोरगी मराठीतून सांगत होती.

एका अक्कांना मी म्हटलं, हे पान आमच्यासारखी माणसं तोडतात. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, मग तुम्हीच का ते भोकाचं पान पाठवता? मला रागच आला. मी म्हटलं, चांगल्या पानाचेच पैसे आम्हाला धड मिळत नाहीत. मग दोघींची चांगली जुंपली. नंतर कळलं की दोघींचं दुखणं एकच आहे. त्यांना कारखान्यातून पान वजनावर मिळतं, आणि तेवढ्या पानात हजार विड्या करून द्याव्या लागतात. पान खराब निघालं तर पदरच्या पैशानं बाजारातून पान विकत घेऊन हजार भरायचा. विड्या घेऊन गेल्या की तपासणारा मुठीनं विड्या बाजूला काढतो, नापास म्हणतो, त्याची मजुरी नाही. आणि आपल्याकडं? शेकड्याला चार-पाच पुडे जास्तीचे मोजून घेतात ते काय आहे? पान सुकतं, तुटतं म्हणून. कोणी ठरवलं, कोणत्या कागदावर लिहिलं, कोणी सांगत नाही. म्हणजे एकाच पानाला दोन टोकं आणि दोन्ही टोकांना कात्री.

हे मुद्दाम सांगते, कारण कापणं या गोष्टीची आपल्याला सवय झाली आहे. कार्डावर नव्वद लिहिलं आणि शंभर दिले होते, तरी आपण गप्प घरी येतो. आता त्याच हातानं आपल्या संघटनेची वर्गणी कापायची आहे.

पण मला एकाच बाजूनं बोलायचं नाही. सोलापुरात मला अशीही कपात दिसली जी बायका जपून ठेवतात. ती म्हणजे भविष्यनिर्वाह निधी, ते फंड म्हणतात. १९७७ साली सरकारनं फंडाचा कायदा विडीच्या धंद्याला लावला. मालक लोक कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं, या बायका घरी बसून विड्या वळतात, कारखान्यात येत नाहीत, म्हणून त्या आमच्या कामगारच नाहीत. सुप्रीम कोर्टापर्यंत भांडण गेलं आणि १९८५ साली कोर्टानं सांगितलं की घरी वळणारी बाईसुद्धा कामगारच, तिलाही फंड लागू. त्या अक्कांनी पत्र्याच्या पेटीतून फंडाची चिठ्ठी काढून मला दाखवली. तिच्या मजुरीतून कापलं जातं, मालकालाही त्यात आपला वाटा घालावा लागतो, आणि चिठ्ठीवर तिचं नाव येतं. उद्या मालक म्हणाला मी या बाईला ओळखत नाही, तर ती चिठ्ठी पुढं करू शकते. त्या म्हणाल्या, ही कपात नसती तर मी कोणाचीच कामगार नव्हते. तेव्हा कपात म्हटली की लगेच वाईट, असं नाही. कोणासाठी कापतात, कोणाच्या नावावर जमा होतं आणि हातात कागद येतो का, ते बघायचं.

मग युनियनच्या वर्गणीचं काय? तिथं एका युनियनच्या ऑफिसात आम्ही एक दुपार बसलो. जुने कार्यकर्ते होते, डोळ्यांना कमी दिसतं, पण कायदा तोंडपाठ. त्यांनी सांगितलं ते मी वहीत लिहून घेतलं आहे.

मजुरी देण्याचा कायदा १९३६ सालचा होता. मालकानं मजुरीतून काय कापायचं आणि काय नाही, ते त्यात लिहिलं होतं. त्यात जे लिहिलेलं नव्हतं ते मालकाला कापता येत नव्हतं. युनियनची वर्गणी आधी त्यात नव्हती. १९८२ साली कायदा दुरुस्त झाला तेव्हा ती घातली. पण दोन अटी होत्या. कामगारानं स्वतः लेखी संमती द्यायची. आणि युनियन १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याखाली रजिस्टर असायला पाहिजे होती. म्हणजे पुढाऱ्यानं हो म्हटलं म्हणून सगळ्यांची कापता येत नव्हती, एकेकाचा कागद लागायचा. आता आपलं बघा. आपली संघटना रजिस्टर नाही. सात माणसांच्या सहीनं अर्ज करता येतो, आपण दोन वर्षं नुसतं म्हणतो आहोत. आणि तुमच्यातल्या कोणाकडून त्या माणसानं लेखी संमती मागितली? कोणाकडून नाही. तो फक्त म्हणाला, आम्ही कापतो.

मी त्यांना विचारलं, मग तुम्ही कारखान्यातून कापून घेता का? ते म्हणाले, याच्यावर आमच्यातच दोन मतं आहेत. एक मत असं की मोठ्या कारखान्यात, रेल्वेत, बँकेत, जिथं दरमहा पगार ठरलेला आहे आणि पगाराची चिठ्ठी मिळते, तिथं कपात बरी. वर्गणी वेळेवर येते, कार्यकर्त्याचा वेळ वाचतो, आणि सभासद किती यावर वाद राहत नाही. कामगाराला युनियन पटली नाही तर दुसरा कागद देऊन तो कपात बंद करू शकतो. हे मला पटतं, आणि आपल्यातल्या ज्यांची मुलं उद्या पक्क्या नोकरीत लागतील त्यांनी ते लक्षात ठेवावं. दुसरं मत, जे त्यांचं स्वतःचं होतं, ते असं की विडीवाल्या बाईची वर्गणी तिच्या ओट्यावर जाऊनच घ्यायची. का, तर वर्गणीला गेलं की बाई विचारते. मागच्या महिन्यात मोर्चा काढला त्याचं काय झालं? माझ्या नापास विड्यांचं काय केलं? पन्नास पैसे देताना ती पन्नास प्रश्न विचारते. ते म्हणाले, आम्हाला ते नको वाटतं, पण त्याच्यामुळंच आम्ही ताळ्यावर राहतो. कारखान्यातून एकरकमी पैसा आला तर वर्षभर त्या गल्लीत पाऊल टाकलं नाही तरी चालेल.

१९७१ चा महाराष्ट्राचा कामगार संघटना मान्यतेचा कायदा आहे, त्यातलंही त्यांनी सांगितलं. मान्यता मिळालेल्या युनियनला जिथं पगार वाटतात त्याच जागेवर सभासदांकडून वर्गणी गोळा करायचा हक्क त्यात दिला आहे. मान्यतेसाठी शेकडा तीस कामगार सभासद लागतात, तेही सहा महिने, आणि वर्गणी महिना पन्नास पैशापेक्षा कमी नको, कमिटीची बैठक तीन महिन्यांतून एकदा झाली पाहिजे, हिशेब दर वर्षी तपासला गेला पाहिजे. हा कायदा आपल्या फडाला लागत नाही. तरी मला त्यातली ती पहिली गोष्ट फार आवडली. पगाराच्या जागेवर, पगाराच्या दिवशी, पण युनियनच्या हातानं. मालकाच्या हातानं नाही. हे मी पुढं परत सांगणार आहे.

त्यांनी मुंबईची गोष्टही सांगितली. १८ जानेवारी १९८२ ला कापड गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, डॉ. दत्ता सामंत यांच्या मागं. पण गिरण्यांना १९४६ चा औद्योगिक संबंध कायदा लागत होता, त्यात एका धंद्यात एका भागासाठी एकच प्रातिनिधिक युनियन, मालकाशी बोलायचा हक्क तिचाच. ती होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. माणसं रस्त्यावर एकीकडं आणि कायद्याच्या वहीत प्रतिनिधी दुसरीकडं. संप मोडण्याची कारणं खूप आहेत, मला सगळी कळत नाहीत. पण एवढं कळलं की एकदा वही आणि माणसं वेगळी झाली की वही जिंकते. गिरण्या सोलापुरातही होत्या, हा कायदा त्यांनाही लागायचा, म्हणून त्यांना ही गोष्ट जवळची आहे.

आता आपल्या फडाकडं येते. इथं जरा लक्ष द्या.

आपला हंगाम किती दिवसांचा? पंधरा दिवस, फार तर वीस. पान कोवळं आहे तोवर काम. दराचं भांडण कधी होतं? सुरुवातीच्या दोन-चार दिवसांत, कारण तेव्हाच ठेकेदाराला घाई असते. पान जाड झालं की त्याला घाई नाही, आपल्याला आहे. मागं आपण तीन दिवस तोडणी बंद ठेवली होती, आठवतं ना? तेव्हा ज्यांच्या घरी दाणा नव्हता त्यांना ज्वारी कशातून दिली? वर्गणीतून. आता समजा वर्गणी ठेकेदाराकडं आहे. हंगाम संपल्यावर देतो म्हणाला आहे. तोडणी बंद केली त्या दिवशी संघटनेचा पैसा कोणाच्या पेटीत आहे? ज्याच्याशी भांडतो आहे त्याच्या पेटीत. तो त्या पैशातून एक दाणा देईल का? आणि नंतर म्हणाला की तुमच्या बंदमुळं माझं नुकसान झालं, ते यातून वळतं केलं, तर तुम्ही कोणत्या कोर्टात जाणार?

दुसरी गोष्ट यादीची. शंभर पुड्यांमागं दहा पैसे कापायचे म्हणजे कोणाचे कापायचे आणि कोणाचे नाही, हे मुन्शीला माहीत पाहिजे. म्हणजे सभासदांची पूर्ण यादी त्याच्या कार्डात. आणि त्याला हवं तर तो सगळ्यांचेच कापेल, जे सभासद नाहीत त्यांचेही, म्हणजे ते आपल्यावर चिडतील, ठेकेदारावर नाही. सोलापुरात आम्हाला सेटलमेंटचा भाग दाखवला. पारधी, कैकाडी अशा जमातींना इंग्रज सरकारनं कायदा करून जन्मानंच गुन्हेगार ठरवलं आणि तारेच्या कुंपणात ठेवलं होतं. तिथली माणसं गिरणीत कामाला जायची आणि परत येऊन हजेरी द्यायची. १९५२ साली तो कायदा गेला. तिथल्या एका म्हाताऱ्या बाबांना मी विचारलं, तुम्हाला कशाची सगळ्यात भीती वाटायची? मला वाटलं पोलिसांची म्हणतील. ते म्हणाले, हजेरीच्या पुस्तकाची. ज्याच्या हातात आपली नावं, त्याच्या हातात आपण. ठेकेदार म्हणजे इंग्रज सरकार असं मी म्हणत नाही. पण यादी आपण आपणहून कशाला द्यायची?

आणि तिसरी गोष्ट पावतीची. ही तुम्हाला मी काय सांगणार, तुम्हीच मला शिकवली आहे. जंगलजमिनीचं आपलं भांडण कशावर उभं आहे? सरकारनं १९७८ च्या डिसेंबरात ठराव केला की ३१ मार्च १९७८ पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायची. मग पुरावा आणा म्हणाले. आपल्याकडं काय पुरावा? दंडाच्या पावत्या. शेत केलं म्हणून आपल्याच लोकांना दंड केला, त्याचीच पावती आज सांगते की त्या साली आम्ही तिथं नांगर धरला होता. माझ्या आजीनं त्या पावत्या बांबूच्या नळीत घालून आढ्याला टांगल्या होत्या, उंदीर लागू नये म्हणून. तिच्याकडं चार आहेत. तिच्या सख्ख्या भावाकडं एकही नाही. त्यानंही दंड भरला, तिच्यापेक्षा जास्त भरला, कोंबडी दिली, मोहाची दारू दिली, पण पावती मिळाली नाही. दोघांची शेतं बांधाला बांध लागून आहेत. एकाचा अर्ज पुढं गेला, एकाचा पडून आहे. पैसा दोघांचाही गेला होता.

कपात म्हणजे पावतीशिवाय गेलेला पैसा. मुन्शी कार्डावर आकडा कमी लिहील एवढंच. आज जास्तीचे पुडे किती आणि वर्गणी किती, हे त्या आकड्यातून वेगळं काढता येईल का? माझी बारावी झाली आहे, मला येणार नाही.

आता जे सांगते ते सांगायला मला जड जातं. मागच्या बैठकीत काही जण म्हणाले, ठेकेदार खाईल म्हणता, पण तुमचे कार्यकर्ते खात नाहीत कशावरून? माझ्याकडं बघून कोणी म्हणालं नाही. पण मला माहीत आहे. मागच्या पावसाळ्यात वर्गणीचे बेचाळीस रुपये माझ्याकडं होते. धाकटा भाऊ तापानं पडला, त्याला बैलगाडीतून आणि पुढं एस.टी.नं दवाखान्यात न्यावं लागलं. घरात पैसे नव्हते. मी त्यातले घेतले. तीन महिन्यांनी रोजगार हमीच्या कामाची मजुरी आली तेव्हा परत घातले. वहीत लिहिलं नव्हतं. कोणाला कळलं नाही. मागितले असते तर तुम्ही दिले असते, हेही मला माहीत आहे. तरी मी न विचारता घेतले.

तर हातानं गोळा केलेली वर्गणी फार पवित्र असते असं मी म्हणणार नाही. माझ्याकडं एकटीकडं ठेवली ही चूक झाली, आणि ती माझी एकटीची नाही, कारण कोणी हिशेब विचारलाच नाही. दोन वर्षांत बैठकीत एकदाही कोणी वही मागितली नाही. आता मागा. आज दादांकडं आहे, ती घ्या आणि वाचा.

माझं म्हणणं असं आहे. या हंगामात फडावर पैसे वाटायच्या दिवशी, फडाबाहेर मोहाच्या झाडाखाली आपले दोघे बसतील. दोन वेगळ्या टोल्यांचे, एकाच घरचे नाहीत. एक बाई पाहिजे. पैसे आधी मजुराच्या हातात येतील, पूर्ण. त्यानं मोजावेत, कार्डाशी ताडून बघावेत, कमी असतील तर तिथंच बोलावं. मग ज्याला द्यायची आहे त्यानं वर्गणी द्यावी आणि पावती घ्यावी. ज्याला नाही द्यायची त्याला कोणी काही म्हणायचं नाही, पण का देत नाही ते त्यानं सांगावं आणि आपण लिहून घ्यावं. पावतीपुस्तक मी सोलापूरहून आणलं आहे, त्यांच्या युनियननं एक कोरं दिलं. पैसा संध्याकाळी सगळ्यांसमोर मोजायचा आणि पेटीत टाकायचा. पेटी एका टोल्यावर, किल्ली दुसऱ्या टोल्यावर. असं केल्यानं वर्गणी कमी जमेल, हे मी आत्ताच सांगते. ठेकेदारानं कापली असती तर दुप्पट जमली असती, कदाचित.

आणि रजिस्ट्रेशनचा अर्ज. सात सह्या लागतात. चार आज होतील, त्या तरी करून घेऊ. अंगठा करणाऱ्यांनी अर्ज पूर्ण वाचून घेतल्याशिवाय अंगठा करू नये. मी वाचते म्हटलं तरी दुसऱ्याकडून परत वाचून घ्या.

अक्कांनी एक कट्टा विड्यांचा दिला आहे, म्हाताऱ्यांसाठी. पंचवीस आहेत, भांडू नका. त्यांनी निरोप दिला आहे की पान जरा बघून तोडा. मी त्यांना म्हटलं, दर बघून तोडू.

वरच्या टोल्यावरच्या काकांचं मत वेगळं आहे. ठेकेदाराकडूनच कापून घ्यावी असं ते म्हणतात, आणि त्यांच्याकडं त्याची कारणं आहेत. हात वर करायच्या आधी त्यांचं ऐकून घेऊ. काका, तुम्ही इथं पुढं या, तिथून मागं ऐकू जात नाही.